शहाण्णव खळग्यांची साक्ष

मी एक जुनी प्लेट आहे, मित्रांनो. पारदर्शक प्लास्टिकची, शहाण्णव खळग्यांची. छोटं इडलीपात्र म्हणून हसू नका. कोल्हापुरातल्या जनावरांच्या एका प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं साक्ष दिली आहे, आणि खोटी एकदाही नाही.

माझं काम सोपं. खळग्यात नमुना, त्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी, मग तासभर मला कुणी धक्का लावायचा नाही. विषाणू नसेल तर पेशी घरंगळून तळाशी बसतात, लाल टिकलीसारख्या. असेल तर त्याच्या अंगावरचं प्रथिन पेशींना एकमेकींशी बांधतं आणि तळभर गुलाबी जाळी पसरते.

अठ्ठ्याण्णव साली नेसरीची चिमणाबाई बर्फाच्या डब्यातून डुकराची मेलेली पिल्लं घेऊन आली. तिच्या पाचही पहिलटकर डुकरिणींना पोटातच वाळलेली पिल्लं झाली होती. सोबत दीर, केरबा.

"वैनीनं कुजकं खायला घातलं, दुसरं काय? सोमवारी समद्या खाटकाला देतो."

"मी? माझ्या पोरांच्या आधी त्यास्नी ताजं घालते की!"

मृत्युंजय डॉक्टरांनी पिल्लांचा नमुना माझ्यात घातला आणि सवयीनं कोंबडीच्या पेशी टाकल्या. आमच्याकडं रोज कोंबड्यांची मर तपासायला यायची, फ्रीजमध्ये तेच रक्त तयार असायचं. ओळीनं टिकल्या बसल्या.

"विषाणू दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"बघ, म्हणलं न्हवतं?" केरबा हसला. चिमणाबाई डब्याला झाकण लावू लागली.

मी नाही म्हटलंच नव्हतं, मित्रांनो! मला विचारलं होतं चुकीचं. ते प्रथिन काही दिसेल त्या पेशीला धरत नाही. पिल्लं पोटात मारणारा हा विषाणू गिनीपिगच्या पेशी घट्ट पकडतो, कोंबडीच्या पुष्कळदा सोडून देतो.

मला धुवायला उचलणारी पवित्राताई थबकली.

"सर, पिल्लं पोटात मारणारा पार्व्हो विषाणू असला तर? गिनीपिगचं रक्त घेऊन बघू की."

"पवित्रा, पाच वाजले."

"सहा वाजू देत, सर. बाईंच्या पाच डुकरिणी जाणार आहेत."

तिनं पिंजऱ्यातल्या गिनीपिगला गोंजारत थोडंसं रक्त घेतलं, पेशी मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतल्या. मी तासभर हूं की चूं केलं नाही. आणि मग पहिल्या खळग्यापासून आठव्यापर्यंत गुलाबी जाळी! नमुना न घातलेल्या खळग्यात मात्र टिकलीच.

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत होते. "चूक माझी झाली, मावशी. हा विषाणू आहे, तुम्ही घातलेल्या खाण्याचा दोष नाही. एकदा होऊन गेला की डुकरिणीच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद येते. पुढच्या खेपेला पिल्लं जगतील."

"आन् न्हाय जगली तर?" केरबा गुरगुरला.

"तर मला वीक," चिमणाबाई म्हणाली. "डुकरिणीला हात लावायचा न्हाय!"

दिवाळी झाल्यावर ती रिकाम्या हातानं आली. "तपासायला कायबी आणलं न्हाय, साहेब. समदी जित्ती हायत."

आता माझा तळ ओरखड्यांनी अंधुक झालाय. टाका मला खुशाल. पण मित्रांनो, कुणाच्या माथी दोष मारण्याआधी एवढं तरी विचारा, तपासलं कशानं?