सोबतीच्या साधनांचं पान

लहान ग्रंथालयांमधली पुस्तकांची देवघेव सांभाळणारा एक प्रोग्राम होता. तो फुकट होता, त्याचा कोड सगळ्यांना खुला होता आणि ठिकठिकाणची हौशी माणसं सवडीने त्याची निगा राखत. त्यांच्यात ताईचा शब्द शेवटचा. त्यांच्या साइटवर 'सोबतीची साधनं' नावाचं पान होतं. इतरांनी बनवलेली, पण या प्रोग्रामला जोडून चालणारी साधनं तिथे सुचवली जात. कोणाला तिथे जागा द्यायची, हेही ताईच ठरवायची.

तिच्या धाकट्या भावाचं छपाईचं दुकान होतं. एखादी गोष्ट हातात घेतली की सोडायचा नाही, म्हणून लहानपणापासून तो घरात चिकट्या. पुढे लेबलं छापायला लागला तेव्हा तर घरच्यांना हसायला आयतं निमित्तच मिळालं. पुस्तकांच्या कण्यावरची लेबलं जुनाट प्रिंटरवरही सरळ छापून देणारं एक साधन त्याने दुकान सांभाळून बनवलं. तेही फुकट आणि खुलं.

"ताई, तुमच्या पानावर टाकशील?" एकदा जेवताना त्याने विचारलं.

"घरचं आहे रे. लोक म्हणतील, बाईने भावाची वर्णी लावली."

"मग दुसऱ्या कुणाला तपासायला दे."

"बघते."

ते बघणं राहूनच गेलं. मधेच एका कंपनीच्या माणसाने तशाच साधनाबद्दल गोड शब्दांत मेल लिहिली. परक्याच्या बाबतीत संकोच कसला? ताईने दुपारच्या चहाआधी ते पानावर चढवलं, चालवून न पाहता. चिकट्याने ते पाहिलं असणारच. पण त्याने विषय काढला नाही, आणि तिनेही नाही.

पुढे त्या कंपनीने ते साधन एकाएकी बंद केलं. एका शाळेच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. त्यांची सगळी लेबलं त्यातच अडकली होती आणि त्या आता हाताने लिहीत बसल्या होत्या.

"तुमच्या पानावर होतं, म्हणून डोळे झाकून घेतलं हो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

ताईने माफी मागितली, फोन ठेवला आणि तशीच भावाच्या दुकानात गेली. गल्ल्यावर भावजय होती.

ताईने भावाच्या साधनाची चौकशी केली. "ते लेबलांचं? ह्यांनी कधीच सोडलं, ताई. लोक विचारतील म्हणून मदतीची पानंसुद्धा लिहून ठेवली होती. कुणी फिरकलंच नाही."

आतून चिकट्या हात पुसत आला. ताईने घडलेलं सांगितलं. तो कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करत राहिला.

"मला वाटलं, तू पाहिलंस आणि तुला पटलं नाही," तो म्हणाला. "तोंडावर सांगायला जड जात असेल, म्हणून मी परत विचारलं नाही."

"मी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं रे."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पुढच्या बैठकीत ताईने सगळ्यांसमोर हे सांगितलं. एक निवृत्त शिक्षक शांतपणे म्हणाले, "भावाचं आहे असं तिथे लिहायचं आणि ठरवायचं काम दुसऱ्यावर सोपवायचं. एवढंच तर होतं." ताईला मान वर करवेना. मग पानाची नवी रीत ठरली: साधन कुणी बनवलं, कुणी चालवून पाहिलं, सुचवणाऱ्याचं त्याच्याशी नातं काय आणि आज ते कोण सांभाळतंय, हे सगळं उघड लिहायचं. पान दोघा इतरांकडे गेलं. त्यांनी चिकट्याचं साधन तपासलं, त्यातल्या दोन-तीन चुका स्वतःच दुरुस्त केल्या आणि ते पानावर घेतलं. ग्रंथपालबाईंची लेबलं पुन्हा छापली जाऊ लागली.

साधन पुन्हा त्यानेच सांभाळावं म्हणून त्यांनी चिकट्याला बोलावलं. त्याने कळवलं, कोड खुला आहे, खुशाल पुढे न्या; माझं आता त्यात मन लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी तो सहकुटुंब ताईकडे जेवायला आला. किती ग्रंथालयं त्याचं साधन वापरतात, हे ती भरभरून सांगत होती.

"बरं झालं," तो हसून म्हणाला आणि लेकीच्या सायकलची चेन बसवायला खाली गेला. ताई वाढायचं विसरून तशीच उभी राहिली.