पुलाखालचं पाणी

आईला हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते आणि तिला आणायला दोघी बहिणी निघाल्या होत्या. गाडी ताईची, चालवणार ताई, रस्ताही ताईच ठरवणार. धाकटीकडे नेहमीप्रमाणे शेजारची सीट आणि मांडीवर आईच्या कपड्यांची पिशवी.

भरदुपारी इतकं अंधारून आलं की रस्त्यावरचे दिवे लागले. मग विजा कडाडायला लागल्या आणि पाऊस असा कोसळला की वायपर जिवाच्या आकांताने फिरत असूनही समोरचं काही दिसेना.

"जरा कुठे थांबूया का?" धाकटीने विचारलं.

"थांबून काय होणार? आई तिकडे ताटकळत बसलीय."

"मग मी तिला फोन करून..."

"तू गप्प बस जरा. रस्ता बघू दे."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कुठली फ्रेम चेहऱ्याला शोभते हे ती ठामपणे सांगायची आणि गिऱ्हाइकं मुकाट्याने ऐकायची. ताईपुढे मात्र चाळिशी उलटली तरी तिचं एक वाक्य धड पूर्ण होत नव्हतं.

रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खोलगट होतो, तिथे पाणी भरलं होतं. तुंबलेलं म्हणावं तर तेही नाही. शेजारचा नाला भिंतीवरून उसळत होता आणि पाण्याला एका बाजूने चांगलीच ओढ होती. ताईने पहिला गिअर टाकला.

"ताई, नको."

"गुडघाभर तर आहे."

"तुला काय माहीत? तळ दिसतोय का?"

"मी पोहायला शिकवते. मला पाण्याची भीती घालू नकोस."

धाकटीने हात घातला, इंजिन बंद केलं, किल्ली उपसली आणि पर्समध्ये टाकली.

"वेड लागलंय का तुला?" ताई ओरडली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ सुरू झाला. एक उंच जीप त्यांना वळसा घालून पुढे गेली, पाण्यात उतरली आणि भुर्रकन पलीकडे चढलीसुद्धा.

"बघ! गेला की नाही तो?"

धाकटीला त्या जीपवाल्याचाच राग आला. नेमकं आत्ताच त्याला पार व्हायचं होतं! ताई दार आपटून उतरली आणि कडेच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"अगं, झाडाखाली नको! विजा पडतायत!"

"आता उभं कुठे राहायचं तेही तूच सांग!"

तेवढ्यात डोक्यावरच वीज कडाडली. ताई तीरासारखी परत गाडीत आली. पाणी आता पुढच्या चाकांना लागलं होतं. धाकटीने किल्ली काढली, पण हातात घट्ट धरून ठेवली. "मागे घेणार असशील तर देते."

ताईने तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग किल्ली हिसकावून घेतली आणि मागच्यांना हॉर्न देत गाडी मागे, चढावर नेली.

तोवर कुरियरची एक छोटी व्हॅन पाण्यात शिरली होती. मधोमध गेल्यावर ती आचके देत बंद पडली. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत बसला. बघता बघता पाणी दारांच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि व्हॅन हळूच एका बाजूला सरकली.

ताईने दार उघडलं, चपला काढल्या. धाकटीने तिचं मनगट पकडलं.

"सोड. तो माणूस बुडेल."

"आणि तू? तो काय तुझा पोहण्याचा तलाव आहे? खाली गटाराची झाकणं उघडी असतील, पाण्याला केवढी ओढ आहे ते बघ. तू ओरड. तुझा आवाज पोचेल त्याच्यापर्यंत. मी अग्निशमनला फोन लावते."

आयुष्यात पहिल्यांदा ताईने तिचं ऐकलं. पोरांना तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हाकारणारा तो आवाज पावसाला चिरत गेला. "दार उघडू नका! काच खाली घ्या! खिडकीतून टपावर चढा! गाडी राहू द्या, बाहेर या!"

माणूस कसाबसा खिडकीतून निघाला आणि टपावर पालथा पडून राहिला. व्हॅन भिंतीला जाऊन टेकली. अग्निशमनचे लोक येईपर्यंत ताई एकसारखी त्याच्याशी ओरडून बोलत होती. शेवटी दोर बांधून त्याला ओढून आणलं तेव्हा तो लटलट कापत होता.

धाकटीने पिशवीतली आईची शाल त्याच्या खांद्यावर टाकली. शाल गुंडाळून घेत तो म्हणाला, "बाई, तुम्हाला कळलं होतं, तर गाडी आडवी लावून रस्ता नाही का अडवायचा? मी गेलोच नसतो ना!"

धाकटीला हसावं की त्याला परत पाण्यात ढकलावं कळेना.

ताईने गाडी वळवली. उड्डाणपुलावरून फेरा मारत त्या हॉस्पिटलला पोचल्या तेव्हा आई कॉटवर बसून फणफणत होती. "असल्या पावसात निघालातच कशाला? फोन करायचा ना! मी इथेच राहिले असते आणखी एक दिवस."

"अगं, पुलाखाली हे एवढं पाणी," ताई सांगू लागली. "मीच हिला म्हटलं, घाई नको, गाडी मागे घेऊ."

धाकटीने तोंड उघडलं.

"तू ती औषधं घे आधी," ताई म्हणाली.

धाकटीने औषधं घेतली, आईला उठवून व्हीलचेअरवर बसवलं आणि दात-ओठ खात लिफ्टचं बटण दाबलं.