विहीर पाहून लिहिलेली बातमी

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. मी एक जुना फॅक्स आहे, टेलिफोनच्या तारेला जोडायचे एक चपटे यंत्र. माझ्यात कागद घातला की दूरच्या दुसऱ्या फॅक्समधून त्याची हुबेहूब नक्कल बाहेर पडत असे. आता माझे अंग पिवळे पडले आहे, पण माझी तक्रार नाही. मला माणसे चांगली भेटली.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. परदेशी वस्तू आपल्याकडे सहज मिळू लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी जहाजाने मुंबईला आणि तिथून टेम्पोने पुण्यात, तपकीर गल्लीतल्या एका दुकानात आलो. भाग्यश्री मॅडमनी मला विकत घेतले. प्रभात रोडच्या एका गल्लीत त्यांचे जनसंपर्काचे ऑफिस होते. कंपन्यांचे म्हणणे नीट लिहून वर्तमानपत्रांकडे पोहोचवायचे, हे तिथले काम. माझी कर्कश शिट्टी वाजली की सगळे माझ्याकडे पाहत. आलेल्या पाहुण्याला मॅडम मला आवर्जून दाखवत, तेव्हा मला फार बरे वाटे.

काही वर्षांनी अपेक्षा आमच्याकडे शिकाऊ म्हणून आली. ती वर्ध्याची, पुण्यात पत्रकारिता शिकायला आलेली. तिने लिहिलेली पहिली बातमी एका कंपनीच्या नव्या इमारतीची होती. मॅडमनी ती वाचली आणि लाल पेन उघडले.

"भव्य, दिमाखदार, अद्वितीय. एवढी विशेषणं लग्नपत्रिकेतसुद्धा नसतात," त्या म्हणाल्या. "इमारतीत काय होणार आहे, ते कुठे लिहिलंयस?"

ते कुठेच नव्हते. अपेक्षाने बातमी पुन्हा लिहिली. ती अर्धी झाली आणि चांगली झाली.

एकदा ती एका वार्ताहराला फोनवर म्हणाली, "सर, आम्ही फॅक्स पाठवून राहिलो." शेजारच्या टेबलावरचा तेजस हसला. अपेक्षाचा चेहरा उतरला.

"त्यांना कळलं, तेजस," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "तुझं अर्धं इंग्रजी मला अजून कळायचंय."

त्या दिवसापासून अपेक्षा फोनवर मोकळेपणाने बोलू लागली.

मग एका सकाळी माझ्यातून एक कागद बाहेर आला. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे व्यवस्थापक अनंतराव यांनी तो पाठवला होता. आमच्या ऑफिसचा निम्मा पसारा त्या एका कंपनीच्या कामावर चालत होता. आदल्या दिवशी शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी कंपनीच्या बस अडवल्या होत्या. कंपनीच्या बांधकामामुळे आमच्या विहिरीचे पाणी खराब झाले, असे त्यांचे म्हणणे होते. कागदावर लिहिले होते, 'काही लोकांनी गैरसमजातून हा प्रकार केला. तक्रारीत तथ्य नाही.' त्याची चांगल्या मराठीत बातमी करायची होती आणि दुपारपर्यंत पाठवायची होती.

अपेक्षाने तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिने विचारले, "मॅडम, ती विहीर कोणी पाहिली आहे का?"

तेजसने तिला खुणेने गप्प राहायला सांगितले. मॅडमनी चष्मा काढला.

"नाही पाहिली," त्या म्हणाल्या. "तू पाहून ये. तोवर काही पाठवायचं नाही."

ती बसने गेली आणि दुपार कलल्यावर परतली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती तिने माझ्या शेजारी ठेवली. आतले पाणी चहासारखे दिसत होते. कंपनीच्या बांधकामात पायासाठी खणलेल्या खड्ड्यात साचलेले पाणी पंपाने उपसून ओढ्यात सोडले जात होते आणि ओढ्याला लागूनच विहीर होती. तिथे सोजरबाई नावाच्या आजींनी तिला अंगणात बसवून घेतले होते.

"आजी म्हणाल्या," अपेक्षा सांगू लागली, "'आमी काय कंपनीच्या वाईटावर न्हाई, पोरी. माझा नातू तिथंच कामाला हाय. पर हे पानी पिऊन दावा म्हनावं.'"

मॅडमनी अनंतरावांना फोन लावला. "अनंतराव, ही बातमी आम्हाला पाठवता येणार नाही. विहीर खरंच खराब झाली आहे."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मग आम्ही दुसरी एजन्सी बघतो."

"जरूर बघा. पण त्याआधी आपण एकदा विहीर बघा. गेटपासून लांब नाही."

फोन बंद झाला. अपेक्षाचे डोळे भरून आले. "मॅडम, माझ्यामुळे ऑफिसचं नुकसान झालं."

"तू पाहिलंस ते सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. "पुढचं माझ्यावर सोड. आणि आधी जेव."

संध्याकाळी फोन वाजला. अनंतराव होते. त्यांचा आवाज खाली आला होता. ते स्वतः विहिरीवर जाऊन आले होते. पंप बंद केला होता. त्यांनी विचारले, "आता काय लिहायचं?"

मॅडमनी फोन अपेक्षाच्या हातात दिला. चूक कंपनीची होती, विहीर साफ करून देऊ, तोवर पाण्याचा टँकर रोज येईल, एवढेच तिने त्यांच्याशी ठरवून लिहिले. एकही विशेषण नव्हते. ती बातमी शहरातल्या सगळ्या वर्तमानपत्रांना मी पाठवली. माझ्या आयुष्यातले तेच सर्वांत मोलाचे काम, असे मी मानतो.

खरे सांगायचे तर वर्षभरात ती कंपनी मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीकडे गेली. आमचे दिवस ओढाताणीचे गेले. पण विहीर साफ झाली, आणि वार्ताहर एकमेकांना सांगू लागले की या ऑफिसचा कागद निर्धास्त छापावा. त्या विश्वासावर पुढे नवी कामे मिळाली.

मग ईमेल आला. माझी शिट्टी बंद झाली. मी टेबलावरून कपाटावर गेलो आणि तिथे धूळ खात पडलो. मॅडमनी ऑफिस बंद करायचे ठरवले तेव्हा कचरू भंगारवाल्याने मला पोत्यात घातलेही होते. इतक्यात निरोप घ्यायला आलेल्या अपेक्षाने विचारले, "मॅडम, हा मी नेऊ?"

"पसारा वाढवायची हौस असेल तर ने," मॅडम म्हणाल्या, पण पोत्यातून मला त्यांनीच बाहेर काढले.

आता वारज्यात अपेक्षाचे स्वतःचे ऑफिस आहे. खिडकीजवळ माझी जागा आहे आणि रोज कोणीतरी मला पुसते. तिच्याकडेही शिकाऊ मुले येतात. परवा शेफाली नावाच्या मुलीने एका गृहस्थांविषयी चुकीची माहिती फोनवरून सगळीकडे धाडली. अपेक्षा तिच्यावर ओरडली नाही. तिने तिला त्या गृहस्थांच्या घरी, धायरीला पाठवले. शेफाली घाबरत गेली आणि चहा पिऊन, खरी हकिगत समजून घेऊन परत आली.

मित्रांनो, तुमच्या हातातले यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. त्याला जपा, ते जुने झाले तरी हिडीसफिडीस करू नका. आणि त्यातून जे बाहेर पाठवाल, त्यात कोणा माणसाचे नाव असेल, तर पाठवण्याआधी त्या माणसाच्या दारात एकदा उभे राहा.