पाचवी रेषा

“रेणूच्या वर्णपटातल्या चार रेषा जुळल्या तरी गप बसायचं, दामिनी. बोलून बसलीस आणि पाचवी हुकली, तर चूक आपल्याच तोंडानं सांगायची,” असं लातूरच्या सरांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं.

तरी चार रेषांवरच तिनं जाहीर केलं होतं, ताऱ्यांमधल्या ढगात नवा रेणू सापडला. आज नांदेडला सत्कार होता. इष्टलिंगाची पूजा आटोपून तिनं रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या सूक्ष्मलहरींची ताजी नोंद उघडली. जिथं सगळ्यांत ठळक पाचवी रेषा हवी, तिथं काहीच नव्हतं. ती उठून वडिलांकडे गेली.

“अप्पा, रेणू न्हाई सापडला.”

फेटा बांधता बांधता अप्पा थबकले. “काय बोलायलीस? आपलं अर्धं देगलूर आलंय. आधी हार पडू दे, मग सांग.”

हार पडायच्या आधीच माइक मागायला दामिनी सभागृहाकडे निघाली.