करंगळीवरचा उजेड

“अप्पा, चपला घाला. इथं अनवाणी चालत नाही.”

रणोजीरावांनी तोवर दोन्ही चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर भिंतीशी जोडीनं लावूनसुद्धा टाकल्या होत्या.

“आज आयुधपूजा. पूजेच्या जागी चपला घालून येऊ? तुझी आई असती तर तुलाच उंबऱ्याबाहेर उभी केली असती.”

“अहो, काच पडलेली असते, ॲसिड असतं...”

“काय नाही सांडलेलं,” आतून जानकीबाईंचा आवाज आला. “सकाळी दोनदा पुसलंय मी. सुम्ने, उगीच कशाला अडवता मॅडम? आज ही लॅब नाही, देवघर आहे. या रणोजीअण्णा, उजवा पाय आधी.”

या दोघांपुढं अंबुजाचं कधी काही चाललं नव्हतं. तिनं वडिलांचा हात धरला आणि त्यांना आत घेतलं.

म्हैसूरमधल्या एका कॉलेजात अंबुजा रसायनशास्त्र शिकवायची, आणि तास संपले की या मागच्या खोलीत स्वतःचं काम करायची. जानकीबाई इथली काचेची भांडी धुवायच्या. रणोजीरावांचं शिवणयंत्र लष्कर मोहल्ल्यात. दिवसभर झंपर आणि गणवेश, आणि संध्याकाळी विठ्ठल मंदिरात कीर्तन. त्यांनी उपरणं सावरून चिपळ्या हातात घेतल्या की रस्त्यावरचा फुलवालाही पाटी खाली ठेवून ऐकायचा. पूर्वरंगात ते असा काही विचार मांडायचे की माणूस घरी जाताना रोजच्या रस्त्याकडं नव्यानं बघायचा.

या माणसानं कितीतरी वर्षांपूर्वी लेकीला विचारलं होतं, “करतेस काय गं तू तिथं?”

“उजेड पडला की वाकेल अशी पट्टी करते.”

“हौदा? खरंच? नुसत्या उजेडानं? मग दाखव की.”

“झाली की दाखवते.”

आणि ती होईचना. कधी पट्टी तडकायची, कधी वाकली की वाकलेलीच राहायची. दर दसऱ्याला अप्पा विचारायचे आणि दर दसऱ्याला अंबुजा म्हणायची, झाली की दाखवते. यंदा श्रावणात ती जमली. वाकली, परतली, पुन्हा वाकली. पण तोवर अप्पांच्या दोन्ही डोळ्यांतला मधला पडदा झिजून गेला होता. कीर्तनाला उभे राहिले की समोरच्या श्रोत्यांची तोंडं पुसलेली; कडेचे खांब, कडेच्या समया तेवढ्या दिसायच्या. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पट्टी जमल्याचं अंबुजा घरी बोललीच नाही. काय तोंडानं बोलणार? देवळात जानकीबाईंच्या तोंडून ते निघून गेलं, आणि अप्पा म्हणाले, “आयुधपूजेला घरच्यांना आत सोडतात ना? मी येतो. मधून दिसत नसेल तर कडेनं बघीन. पण बघीन.”

म्हणून आज ते आले होते, परीटघडीचं धोतर नेसून.

जानकीबाईंनी खोली सजवली होती ती बघण्यासारखी. तराजूला शेवंतीची माळ, भट्टीला माळ, चंबूंच्या गळ्यात एकेक फूल, आणि जिथं बोट पोचलं तिथं गंध-कुंकू. अंबुजानं पडदे ओढले. टेबलावर चिमट्यात धरलेली पट्टी उभी होती, कांद्याच्या सालीएवढी पातळ आणि तशीच पिवळसर. तिनं वडिलांच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला.

“हे कशाला?”

“हा उजेड डोळ्यांना वाईट, अप्पा.”

“गेलेल्या घराला कुलूप लावतेस होय?” ते हसले. अंबुजाला हसता आलं नाही.

तिनं दिवा हातात घेऊन बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पट्टी ताठ ती ताठच.

पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. अंबुजाच्या कानशिलाशी घाम आला. नेमकं आज? तिनं दिवा उलटा करून पाहिला, आणि त्याच्या इवल्याशा काचेवर मधोमध, सुवासिनीच्या कपाळाला लावावं तसं, जाड गंध आणि त्यावर टपोरं कुंकू!

“जानकीबाई!”

“आता? आयुधाला लावायचंच की!” जानकीबाई बिलकूल वरमल्या नाहीत. “सगळ्यांना लावलं, त्यालाच तेवढं उपाशी ठेवू?”

अप्पा इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. अंबुजानं स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसली, श्वास घेतला, बटण दाबलं.

पट्टी वाकली. कुणी हात लावला नाही, वारा नाही. वरचं टोक सावकाश पुढं आलं आणि देवापुढं माणूस लवतो तशी ती लवली.

“अय्यो देवा,” जानकीबाई पुटपुटल्या आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

अप्पांनी मान डावीकडं वळवली. उजवीकडं वळवली. पाखरासारखी तिरकी केली, थोडी खाली घेतली.

“वाकली?”

“वाकली, अप्पा.”

“हं. छान. फार छान केलंस.”

हे ‘छान’ अंबुजाच्या ओळखीचं होतं. कुणाच्या घरी बिनसाखरेचा चहा मिळाला तर अप्पा असंच म्हणायचे. त्यांना काही दिसलं नव्हतं. एवढी बारीक पट्टी, एवढा मंद उजेड, कडेच्या नजरेनं दिसणार तरी कशी? ती दिवा धरून तशीच उभी राहिली. उशीर झाला होता, तो तिच्यामुळं झाला होता, आणि त्याला आता औषध नव्हतं.

अप्पा चष्मा काढायला लागले. काढताना त्यांचा हात उजेडाच्या झोतातून गेला. अंबुजानं त्या हाताकडं पाहिलं.

“थांबा. हात द्या इकडं.”

तिनं दुसऱ्या दिव्याचा निळा उजेड टाकून पट्टी सरळ केली, आणि पट्टीच्या टोकापुढं, केसभर अंतर ठेवून, वडिलांची तर्जनी धरली. दिवा लावला.

“लागलं काही?”

“नाही गं. सुईनं टोचून टोचून कातडं झालंय त्याचं. ते बोट आता माझं नाही, गिऱ्हाइकांचं आहे.”

तिनं अंगठा धरून पाहिला. तोही नाही. मग करंगळी घेतली. शिंप्याच्या हातातलं तेवढंच एक बोट सुईच्या वाटेला गेलेलं नसतं. करंगळी पोराची असावी तशी मऊ होती.

दिवा लावला. पट्टी लवली.

अप्पांचं अंग शहारलं. बोट त्यांनी मागं घेतलं नाही.

“कोण आहे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“कोणी नाही अप्पा. उजेड आहे.”

ती निळा दिवा लावी, स्पर्श निघून जाई. पहिला लावी, स्पर्श परत येई.

“इन्नोंदु सल,” ते म्हणाले. “अजून एकदा, अंबू.”

अजून एकदा झालं. अजून कितीदा झालं कुणास ठाऊक. चष्म्याखालून पाणी मिशीपर्यंत उतरलं, तरी ते पुसायला त्यांनी तो हात हलवला नाही.

“आत काय होतं गं? कोण वाकतं?”

“रेणू. कार्बनची दोन कडी असतात, आणि मधे नायट्रोजनच्या दोन अणूंचा सांधा. उजेड पडला की तो सांधा मुडपतो. एकट्यानं मुडपून काही होत नाही. कोटी-कोटी जण एकदम मुडपतात, तेव्हा पट्टी लवते.” ती थांबली. बोलावं की नाही, असं तिला झालं. “तुमच्या डोळ्यातही असाच एक असतो, अप्पा. सगळ्यांच्याच. तो आधी वाकलेला असतो, उजेड लागला की सरळ होतो. म्हणून माणसाला दिसतं.”



“म्हणजे मी विठ्ठलाच्या मूर्तीकडं बघायचो,” अप्पा म्हणाले, “तेव्हा आधी आत कुणीतरी उठून उभं राहायचं?”

“हो, अप्पा.”

“आणि मला ठाऊकच नाही. जन्मभर बोलत राहिलो, आणि हे ठाऊकच नाही.”

त्यांनी करंगळी मिटून मुठीत घेतली. मग टेबलाच्या कडेला धरून, गुडघ्यांवर भार देत, ते खाली फरशीवर बसायला लागले.

“अण्णा, खुर्ची आहे हो,” जानकीबाई धावल्या.

“असू दे. खुर्चीवर बसून ऐकायची गोष्ट नव्हे ही.”

त्यांनी मांडी घातली, उपरणं मांडीवर घेतलं आणि हात जोडून ठेवले.

“सांग आता. घाई करू नको. अगदी सुरुवातीपासून सांग.”

जानकीबाईंनी पदर खोचला आणि त्याही त्यांच्यामागं जमिनीवर बसल्या. अंबुजानं दिवा बंद करून टेबलावर ठेवला. तिनं पडदा सारला, दुपारचं ऊन अप्पांच्या अंगावर आलं. पण ते खिडकीकडं वळले नाहीत. तिचा आवाज जिथून येणार होता, तिकडं तोंड करून ते बसून राहिले.