मान डोलावल्याची नोंद

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे तिला दिसत नाही याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. पण तिच्याभोवती बसणाऱ्यांना दिसायचं. पट्टी तिच्या डोळ्यांना, बाकीच्यांचे उघडे, असा तो जुना संसार सुरळीत चालला होता. पुढे सोय म्हणून यंत्र आलं, आणि मग डोळे असून नसल्यासारखे झाले. ते कसं, तेच आता सांगायचं आहे.

कोर्टाच्या तिसऱ्या दालनात तीस वर्षं जे जे बोललं गेलं, ते सगळं स्टेनोबाईंच्या पेन्सिलीखालून गेलं. स्टेनोबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे तसंच म्हणत, आणि घरी भाचेसुद्धा चिडवायला तसंच म्हणत. बाईंचा हात असा, की वकील खोकला तर तोही कागदावर उमटेल. साक्षीदार रडला की त्या कंसात लिहीत, ‘साक्षीदारास रडू कोसळते.’ कुणी नुसती मान हलवली तर लिहीत, ‘मान डोलावून होकार देतो.’ हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पण माणूस अर्धं तोंडाने बोलतो आणि अर्धं अंगाने, एवढं कळायला शिक्षण कशाला हवं? कीर्तनकाराला विचारा. समोरची एक मान डोलली की त्याचा सूर कसा वर चढतो!

सहा महिन्यांपूर्वी दालनात यंत्र बसलं. चार माइक, एक पडदा, आणि कोपऱ्यात लाल दिवा. कुणी बोललं की कोण बोललं ते ओळखून यंत्र आपोआप लिहायचं. शिपायाने त्याचं नाव ठेवलं ‘कानसेन’, आणि ते चिकटलं. कानसेनाबरोबर एक परिपत्रकही आलं : यंत्राने केलेल्या नोंदीत कोणाही कर्मचाऱ्याने स्वहस्ते वा अन्य प्रकारे भर घालू नये. बाईंना काम उरलं ते लाल दिवा लागलाय का ते बघण्याचं आणि कागद छापून देण्याचं. पेन्सिली त्यांनी घरी नेल्या. निवृत्तीला आठ महिने होते. देवाचं नाव घ्यावं आणि दिवे बघावेत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आणि मग एका मंगळवारी सकाळी इस्त्रीवाली आली.

इस्त्रीवालीला बाई ओळखत होत्या. कोर्टामागच्या गल्लीत तिचं इस्त्रीचं दुकान, नवरा बसचा ड्रायव्हर. दोघांनी बालगृहातली एक मुलगी दोन वर्षांपासून सांभाळायला घेतली होती, आणि आता तिला कायमची दत्तक घ्यायची होती. पंधरा दिवसांपूर्वी याच दालनात सुनावणी झाली होती. सगळं छान झालं होतं. इस्त्रीवाली जाताना बाईंच्या हातात हात देऊन गेली होती.

आज तिच्या हातात कागद होता आणि चेहऱ्याचा रंग उडाला होता.

“बाई, हे जरा वाचून सांगा. मला वाचता येतं हो, पण वाचल्यावर कळत नाही.”

बाईंनी चष्मा लावला. वरच्या तपासणी कार्यालयाचं पत्र होतं. ‘पाल्याने वयाची सात वर्षे पूर्ण केलेली असल्याने तिची सहमती अभिलेखावर असणे अनिवार्य आहे. सदर सहमती अभिलेखावरून निदर्शनास येत नाही. शुक्रवारपर्यंत त्रुटीची पूर्तता न झाल्यास पाल्यास बालगृहाच्या ताब्यात परत द्यावे.’

“म्हणजे?” इस्त्रीवाली म्हणाली.

“म्हणजे तिने होकार दिलेला कुठे लिहिलेला नाही.”

“दिला की! तुम्ही होतात, मी होते, साहेब होते. सगळ्यांच्या देखत दिला!”

“तेच. देखत दिला,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांनी त्या दिवसाची नोंद काढली. कानसेनाने चोख काम केलं होतं. न्यायाधीश : तुला यांच्याकडेच राहायचं आहे का? त्याखाली, शांतता, चार सेकंद. त्याखाली, न्यायाधीश : शाबास.

आणि तपासणी कार्यालयाने समासात शेरा मारला होता, ‘शाबास कशाबद्दल, याचा उलगडा होत नाही.’

ते चार सेकंद बाईंना लख्ख आठवत होते. मुलीने मान डोलावली होती, आणि बाईंचा उजवा हात मांडीवर आपोआप हलला होता, तीस वर्षांच्या सवयीने. तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. परिपत्रक, परिपत्रक. आता वाटलं, त्याच हाताने एका पोरीला घराबाहेर काढलं.

“तीन आठवड्यांपूर्वी तारीख मिळाली असती, तर हे विचारावंच लागलं नसतं,” बाई म्हणाल्या. “सातच्या आत मुलाची संमती लागत नाही.”

“म्हणजे सहा वर्षं अकरा महिन्यांची पोर काही कळत नसलेली, आणि सातव्या वाढदिवसाला उठली की कायद्यासारखी शहाणी?”

“कायद्याच्या मते, हो.”

“मग कायद्याला म्हणावं, एकदा माझ्या घरी येऊन तिची वेणी घाल. बघू किती शहाणी आहे ती.”

हसू आलं ते दोघींना एकदमच, आणि थांबलंही एकदमच.

बाई उठल्या आणि तडक न्यायाधीशांच्या खोलीत गेल्या. न्यायाधीश मऊ स्वभावाचे, गुबगुबीत गृहस्थ. चहात बिस्कीट बुडवत होते. पत्र वाचता वाचता बिस्कीट चहात पडलं.

“अहो बाई, मी पाहिलं नाही का? चांगलं पाहिलं! वेणी पुढे येईपर्यंत मान हलवली पोरीने!”

“साहेब, मग तसं लिहून द्या.”

“मी पाहिलं, हे कुठे लिहिलंय? नोंदीत नाही ते घडलं नाही. हे वाक्य मीच शंभर लोकांना ऐकवलंय.” त्यांनी चमच्याने बिस्कीट शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. “गुरुवारी अकराला पुन्हा ठेवा. पुन्हा विचारू. या वेळी तोंडाने सांगायला लावा तिला. एक ‘हो’ पुरे.”

एक ‘हो’. एवढीशी गोष्ट. पण इस्त्रीवालीला हे सांगितल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“घरी डोकं खाते माझं. टेबलावर चढून गाणी म्हणते. पण परकं माणूस आलं की कुलूप! शाळेत एक वर्ष झालं, वर्गातल्या बाईंना तिचा आवाज माहीत नाही.”

दोन दिवस तालीम चालली. ड्रायव्हर न्यायाधीश व्हायचा, उशी पोटाला बांधून. पोरगी टेबलावर उभी राहून ‘हो, हो, हो’ म्हणून गल्ली दणाणून सोडायची. बाई बुधवारी दुकानात डोकावल्या, तर बाईंना बघताच कुलूप. बाई घरी गेल्या आणि देवापुढे हात जोडून एवढंच म्हणाल्या, “तुला न बोलताच सगळं कळतं, ते ठीक आहे. पण इथे तुझं चालत नाही.”

गुरुवारी अकरा वाजता दालन भरलं म्हणायला सातच माणसं. न्यायाधीश, बालगृहाचे वकील, ड्रायव्हर गणवेशातच, इस्त्रीवाली, मुलगी, यंत्र सांभाळायला आलेला यंत्रवाला, आणि बाई. लाल दिवा लागला.

न्यायाधीश पुढे झुकले. “बाळ, तुला यांच्याकडेच राहायचं आहे का?”

मुलीने आईकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. आणि जोरात मान डोलावली.

पडद्यावर अक्षरं आली : शांतता, सहा सेकंद.

“तोंडाने सांग हं राजा. नुसतं हो म्हण.”

मुलीने पुन्हा मान डोलावली, आणि मग हनुवटी छातीला लावून घेतली. कुलूप.

शांतता, अकरा सेकंद.

न्यायाधीशांनी रुमालाने कपाळ पुसलं. “वकीलसाहेब, तुम्हाला दिसलं ना?”

“दिसलं, साहेब. बालगृहाचीही काही हरकत नाही. पण मी वकील. माझ्या तोंडून निघालं की तो युक्तिवाद होतो, पुरावा नाही.”

“आणि मी न्यायाधीश. ज्या खटल्याचा न्याय मी करायचा, त्यात साक्ष मी कशी देऊ? आईबापांनी सांगितलं तर म्हणतील, ते तर सांगणारच.” त्यांनी यंत्रवाल्याकडे पाहिलं. “तुमच्या यंत्राला दिसत नाही का हो काही?”

“साहेब, ऐकण्याचं आहे ते. बघण्याचं वेगळं येतं. मागणी केली तर पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी! आणि उद्या शुक्रवार. ड्रायव्हरचे दोन्ही हात मुलीच्या खांद्यांवर होते, बस उतारावर लागल्यावर स्टिअरिंग धरावं तसे. खोलीत सात माणसं, सगळ्यांना दिसलेलं, आणि बोलायला एकालाही तोंड नाही. कानसेन सेकंद मोजत होता.

बाईंचा हात मांडीवर हलला. या वेळी त्यांनी तो धरला नाही. त्या सरळ उभ्या राहिल्या, साहेबांच्या टेबलाशी गेल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दालनात मोठ्याने बोलल्या.

“मुलीने मान डोलावून होकार दिला.”

पडदा क्षणभर थबकला. मग त्यावर आलं, अनोळखी आवाज : मुलीने मान डोलावून होकार दिला.

“बाई, बाई!” यंत्रवाला धावला. “परिपत्रक! कर्मचाऱ्याने भर घालायची नाही!”

“मी कुठे लिहिलं? मी बोलले.”

“पण तुमच्या आवाजाला माइकच नेमलेला नाही. चार माइक चार जणांचे, त्यांतला एक पाल्याचा.”

“अरे, तीस वर्षं लिहीत होते. आवाज काढायची वेळ कुणी येऊ दिली?”

वकील खुर्चीतून अर्धे उठले होते. बाईंना वाटलं, आता हरकत. पण ते हसत होते. “साहेब, कर्मचाऱ्याने भर घालायची नाही, हे मान्य. पण साक्षीदाराला कुणी अडवलंय? साक्षीदार जे पाहिलं ते सांगायलाच येतो. बाईंना शपथ द्या.”

न्यायाधीशांचा चेहरा बुडालेलं बिस्कीट परत सापडल्यासारखा उजळला. “द्या! शपथ द्या!”

शपथ द्यायचं काम शिपायाचं. तो दारातून आत आला, बाईंसमोर उभा राहिला, आणि हजारदा म्हटलेली वाक्यं विसरला. बाईंनीच त्याला हळूच सांगितली, आणि मग स्वतःच म्हटली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. किती लोकांनी ही वाक्यं बाईंसमोर म्हटली होती, त्यांतल्या निम्म्यांनी पुढच्याच मिनिटाला मोडली होती. आज पाळी बाईंची होती. देव समोर बसून ऐकतोय असं त्यांना वाटलं, आणि देवाला परिपत्रक दाखवून चालत नाही.

“नाव?” न्यायाधीशांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. शिपाई चकित झाला, त्याला ते माहीतच नव्हतं.

“काय पाहिलंत?”

“आज मुलीने दोनदा मान डोलावली, साहेब. पंधरा दिवसांपूर्वी याच प्रश्नाला एकदा. त्या दिवशी मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, ही माझी चूक.”

“वकीलसाहेब, उलटतपास?”

“एक विचारतो, नाहीतर वरचे लोक म्हणतील वकील झोपला होता.” वकील बाईंकडे वळले. “मान डोलावली ती होकाराचीच कशावरून? पोरं उगाचही हलवतात.”

बाई मुलीकडे वळल्या. “तीस वर्षं माना बघतेय मी. खोटा होकार घाईत असतो, मान हलते आणि डोळे दाराकडे जातात. भीतीचा होकार एकदाच हलतो आणि खाली राहतो. हिने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि मग हलवली. विचारून घेतलं तिने, तुम्हाला चालेल ना म्हणून. यापुढे काय होकार असतो, साहेब?”

वकील बसले. “मला आणखी काही विचारायचं नाही.”

न्यायाधीशांनी तिथल्या तिथे आदेश सांगायला सुरुवात केली. शब्द लांबलचक होते, ‘पाल्य’, ‘प्रतिज्ञेवरील साक्ष’, ‘त्रुटीची पूर्तता’, पण इस्त्रीवालीला त्यातलं शेवटचं तेवढं कळलं : कायमस्वरूपी. तिने तोंडावर पदर धरला. यंत्र छापायला लागलं. तेवढ्यात मुलीने आईचा पदर ओढला आणि खोलीभर घुमेल अशा आवाजात म्हणाली,

“आई, मला शू आलीये!”

पडद्यावर लगेच उमटलं, पाल्य : आई, मला शू आलीये.

आधी शिपाई हसून फुटला, मग वकील, आणि न्यायाधीशांचं पोट टेबलावर आपटायला लागलं.

“काढून टाकायचं का, साहेब?” यंत्रवाल्याने घाबरत विचारलं. “म्हणजे, नियमाने काढता येत नाही, पण...”

“खबरदार! याहून चांगली संमती मी जन्मात वाचलेली नाही. अहो, न्या तिला, न्या आधी!”

“डावीकडे, दुसरं दार!” बाई ओरडल्या, आणि मायलेकी धावत सुटल्या. मुलगी पुढे, आई मागे, हातातल्या त्या जुन्या पत्राची एक बाजू फडफडत.

ड्रायव्हर तिथेच राहिला होता, बाकावर बसलेला, टोपी हातात. बाईंनी त्याला आपल्या टेबलावरचा पाण्याचा पेला दिला. तो एका दमात प्यायला.

“झालं ना, बाई? आता कुणी परत मागायला येणार नाही?”

“नाही येणार. झालं.”

“दुपारी तीनची फेरी आहे माझी,” तो म्हणाला, आणि उठलाच नाही. बसल्या बसल्या हसत राहिला, गालांवरून पाणी ओघळत असताना. बाईंनी पेला पुन्हा भरला आणि त्याच्या शेजारी बसून राहिल्या. लांबून, व्हरांड्याच्या टोकाकडून, एक पोरगी मोठ्याने काहीतरी गात असल्याचं ऐकू येत होतं.