चिकूच्या पानाचा पेला

“फिनेल ओतलंत का? आणि पाणी दोनदा टाका,” संडासाच्या दाराबाहेरून मनोरमा म्हणाली. “तुमच्यामागून रश्मीला जायचंय.”

आत दशरथ भिंतीला हात टेकून उभा होता. थेंब थेंब चाललं होतं. तापलेली कानस आतून कोणी ओढत न्यावी तशी आग व्हायची, आणि सगळं होऊन गेलं तरी अजून काही राहिलंय असं वाटत राहायचं.

“ओततो.”

“हळू बोला. शेजारी ऐकतात.”

शेजाऱ्यांना ऐकायची गरज नव्हती, त्यांना सगळं केव्हाच पाठ होतं. चिंचणीत बोंबील वाळत घातले की वास आधी पोचतो आणि मासळी मागून. दशरथच्या दुखण्याची बातमी तर वासाच्याही पुढे गेली होती. सुक्या मासळीच्या दर्पात बसून माणसं इथे मजेत जेवतात, वर आणखी भात मागून घेतात. त्या गावाला किळस यायची ती दशरथची.

दशरथ दागिन्यांचे ठसे कोरणारा कारागीर. पोलादाचा ठोकळा लोखंडी पकडीत आवळायचा, स्टुलावर वाकून बसायचं आणि छिन्नीने पानंफुलं उठवायची. मंगळसूत्राच्या वाट्यांचे ठसे तर त्याच्याच हातचे हवेत असं व्यापारी म्हणत. त्या ठशांवर दाबलेल्या वाट्या कुठल्या कुठल्या बायकांच्या गळ्यात पोचल्या होत्या. त्याची स्वतःची बायको मात्र त्याचा टॉवेल काठीने उचलत होती.

पाचेक वर्षांपूर्वी दोन मांड्यांच्या मधोमध, बसतो त्याच जागी, दुखू लागलं. जणू खुर्चीवर कोणी गोटी ठेवली होती आणि ती काढताच येत नव्हती. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली. दुसऱ्याने जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने त्याच गोळ्या दुसऱ्या रंगाच्या दिल्या. हायवेलगत तंबू ठोकून बसलेल्या एका महाभागाने दशरथची नाडी धरून डोळे मिटले आणि मोठ्याने विचारलं, “बाहेरचा नाद होता का?” तंबूला भिंती नव्हत्या. बाहेर रांगेत उभी असलेली माणसं आपापलं दुखणं विसरली.

तेव्हापासून कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या उमेशला रोजचा विषय मिळाला.

“दादा, खरं सांग. तलासरीला मेव्हण्याकडे जायचास, तेव्हा ढाब्यावर चहाच घेतलास ना? का दुसरं काही?”

सगळे हसत. हसून झालं की प्रत्येकजण आपला पाण्याचा ग्लास जरा स्वतःकडे ओढून घेई. दशरथच्या स्टुलावर स्कूटरची जुनी ट्यूब होती, थोडी हवा भरलेली. तिच्यावर बसलं की गोटी जरा अधांतरी राही. त्या स्टुलावर दुसरं कोणी बसत नसे. पाहुणा बसू लागला तर उमेश डोळ्यांनीच त्याला उठवी.

घरात मनोरमाने त्याची बादली वेगळी केली, साबण वेगळा केला, गादी पडवीत टाकली. अडचण आली ती भांड्यांची. स्टीलचे पेले सगळे एकासारखे एक.

“तुमच्या पेल्यावर खूण करा. चुकून कोणाच्या हातात जायला नको.”

दुसऱ्याने नाव घातलं असतं, नाहीतर खिळ्याने फुली मारली असती. दशरथने चिकूची डहाळी कोरली. दोन पानं, एक कळी, पानांच्या शिरा केसासारख्या बारीक. स्वतःला वेगळं काढायची खूण, आणि या माणसाने तीही दागिन्यावर शोभेल अशी केली. मनोरमाने पेला पाहिला, बोटाच्या चिमटीत धरला आणि खिडकीच्या कट्ट्यावर एकटा ठेवून दिला.

लेकीचं, रश्मीचं, आशागडला लग्न जमलं तेव्हा मात्र मनोरमा घाबरली. मुलगा यतीन तलाठी. त्याची आई भारतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळ्या गोष्टी विचारून घेणाऱ्या. साखरपुड्याआधी एकदा मोठ्या डॉक्टरकडून नक्की करून घेऊ म्हणून मनोरमा स्वतः त्याच्याबरोबर वापीला गेली. बसमध्ये दोघांच्या मध्ये तिने पिशवी ठेवली.

वापीचा डॉक्टर तरुण होता. मराठी बोलताना गुजरातीत घसरायचा.

“जुओ काका, सगळ्या तपासण्या बघितल्या. जंतू नथी. एकही नाही.”

“मग आग कसली होते?” दशरथने विचारलं.

“आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. शत्रू आला की धावतात. लघवीच्या पिशवीखाली गाठ असते, प्रोस्टेट, तिच्यात त्या धावल्या, आणि परत गेल्याच नाहीत. दंगल संपली, बंदोबस्त तसाच. आता समोर कोण नाही, तर घरच्यांनाच लाठी मारतात.” डॉक्टरने मूठ मिटली आणि उघडली. “यातल्या काही, मास्ट पेशी म्हणतात त्यांना, म्हणजे जळजळ भरलेल्या पिशव्या. फुटल्या की शेजारची नस चिडते. चिडलेली नस पुन्हा त्यांनाच बोलावते. असं चक्कर चालतं. तिथले स्नायू पण आवळून बसतात. जंतूंच्या गोळ्या बंद करा. शेक, व्यायाम, मी देतो ते औषध. कमी होईल. एकदम जाईल असं खोटं नाही सांगणार.”

“हे लागतं का दुसऱ्याला?” मनोरमाने जमिनीकडे बघत विचारलं.

“ना रे ना, काकी. ना भांड्यातून, ना बिछान्यातून. आणि बाहेरख्यालीपणाशी याचा काही संबंध नाही.”

दशरथने मनोरमाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं सरळ तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नव्हतं.

“पण पहिल्यांदा शत्रू आला होता म्हणालात ना?” ती म्हणाली. “तो कुठून आला?”

“आला असेल किंवा नसेल पण. कधी कधी कारण सापडत नाही.”

परतीच्या बसमध्ये दशरथ म्हणाला, “ऐकलंस ना? जंतू नाही.”

“ऐकलं.”

“मग?”

“कारण सापडत नाही म्हणाला. कारणच नाही असं कुठे म्हणाला?” मनोरमाने पिशवी मधून काढली नाही.

साखरपुड्याच्या सकाळी तिने त्याला इस्त्रीचा सदरा दिला आणि बजावलं, “नमस्कार करा आणि मागे पडवीत जा. तुम्ही सारखे उठणार. त्या बाई विचारतील. मग काय सांगू? पोरीचं जमलेलं मोडायचंय का?”

“बाबा पुढेच बसतील,” रश्मी आतून म्हणाली. “नाहीतर मीही पडवीत बसते.”

दशरथ पुढे बसला. घोंगडी दुमडून खाली घेतली होती. गुरुजींचं चाललेलं काही त्याच्या कानात शिरत नव्हतं. गोटी वर चढत होती, मांड्या कापत होत्या, कपाळावर घाम होता. तो उठला नाही. यतीनच्या वडिलांना वाटलं, मुलगी जाणार म्हणून बापाचे डोळे भरलेत. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दशरथच्या अंगाला कोणाचा हात लागून किती दिवस झाले होते!

पाणी फिरू लागलं. मदतीला आलेल्या शेजारणीला पेले कमी पडले. तिने खिडकीतला उचलला, भरला आणि भारतीबाईंच्या हातात दिला.

मनोरमा दारातच थिजली.

“अगोबाई!” भारतीबाईंनी पेला उजेडात धरला. “चिकूचं पान! कुठे मिळाला हो?”

“बाबांनी कोरलाय,” रश्मी म्हणाली.

“तुम्ही? अहो, काय हात आहे!” असं म्हणून त्यांनी पेला ओठाला लावला. सावकाश, पानावर बोट फिरवत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मनोरमाने पदर तोंडावर दाबला.

“विहीणबाई, रुखवतात मला लाडू-करंज्यांचे डोंगर नकोत. असे पेले मांडा. घरातले सगळे असेच असतील ना?”

खोलीत सगळे मनोरमाकडे बघत होते. दशरथही बघत होता. एका वाक्यात ती खरं सांगू शकली असती, आणि त्या वाक्याने समोरचं ताट उलटं झालं असतं.

“हो,” मनोरमा म्हणाली. “सगळेच.”

“मग रविवारी माझ्या नणंदेला घेऊन येते. तिला दाखवायलाच हवेत.”

पाहुणे गेल्यावर मनोरमाने तो पेला राखेने घासला, कढत पाण्याने घासला, मग स्वतःचे हात घासत बसली. बोटं लाल झाली तरी घासत होती.

त्यानंतर दशरथ रोज कामावरून आला की स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राही. बसून होत नव्हतं. लाकडी ठोकळ्यावर पेला घट्ट बांधायचा आणि छिन्नी चालवायची. दोन पानं, एक कळी. मनोरमा दारातून बघे. काही बोलता येत नव्हतं, तिनेच हो म्हटलं होतं. कोरलेले पेले फळीवर ओळीने उभे राहिले. त्यांच्यात त्याचाही पेला होता.

शनिवारी संध्याकाळी काम संपत आलं. मनोरमा दिवसभर घर धूत होती. घामाघूम होऊन ती पाणी प्यायला फळीपाशी आली.

“यातला तुमचा कुठला?”

दशरथने ओळीकडे पाहिलं. त्याच्या पेल्यावर देठाजवळ छिन्नी किंचित घसरली होती. डोळे मिटूनही त्याने तो ओळखला असता.

“आता सगळे सारखेच,” तो म्हणाला.

मनोरमाने एक पेला उचलला. उजेडात फिरवला, आतून हुंगला, ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. माठ भरलेला होता. ती मागच्या दाराने मोरीत गेली, नळ सोडला आणि खाली वाकून ओंजळीने पाणी प्यायली. कोपरावरून ओघळ लुगड्यात उतरत होते.

दशरथने शेवटचा पेला ठोकळ्यावर बांधला आणि देठापासून सुरुवात केली.